बघबाईंची शिकवणी

आमच्या बघबाई कुणाच्या घरी गेल्या की लगेच बसत नसत. दारातच उभ्या राहून सगळ्या घरावरून एकदा नजर फिरवत आणि मग खुर्चीत टेकता टेकता म्हणत, "कॅलेंडरचा पान उलटूक नाय हो कोणी?" चहा त्यानंतर. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण बोलताना त्यांचं दर दुसरं-तिसरं वाक्य 'बघ'ने सुरू होई, म्हणून मुलुंडच्या आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्यांना बघबाई करून टाकलं. महापालिकेच्या शाळेतून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न होऊन मालवणहून आलेल्या. चिडल्या किंवा माया दाटून आली की मालवणीत शिरत, आणि दोन्हींपैकी नेमकं काय झालंय ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमची मुक्ता तेव्हा दुसरीत होती. वाचताना एक ओळ वाचायची आणि खालची सोडून तिसरीवर जायची. भ आणि म तिला सारखेच. फळ्यावरचं वहीत उतरवेपर्यंत तास संपायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नजर उत्तम आहे. वर्गशिक्षिकेनं सांगितलं, असंच चाललं तर पुन्हा दुसरीत बसवावं लागेल. हे सगळं आम्ही मुक्तापासून लपवलं होतं, असं आम्हाला वाटत होतं. एका रात्री जेवता जेवता ती म्हणाली, "बाबा, मी ढ आहे ना?" दुसऱ्याच दिवशी तिचा हात धरून बघबाईंकडे गेलो.

तासाभराने आणायला गेलो, तर पोरगी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सुकट निवडत बसलेली. बारीक खडे एकीकडे, काड्या एकीकडे. पुस्तकाचा कुठे पत्ता नाही.

"बाई, वाचनाचं काय?" मी चाचरत विचारलं.

"बघ, सुकटातली काडी जिका गावत नाय, तिका भ आणि म वेगळे कशे दिसतले?" बाई म्हणाल्या. "आणि नखा काप तिची."

बाईंच्या घरची वर्षभराची सुकट पोरांनीच निवडली, असा माझा आजही संशय आहे. शेजारच्या हेतलबेनचा हर्षही तिथेच यायचा. शिकवणीत काय चालतं ते हेतलबेनना सुक्या मासळीच्या वासावरून कळलं आणि त्या दाराबाहेरच थबकल्या. मग हर्षसाठी खिडकीजवळ वेगळा पाट मांडला गेला आणि त्याच्यापुढे वेगळे करायला एकत्र केलेले मूग आणि मटकी ठेवले गेले. बाई त्याला म्हणायच्या, "बघ रे, तुझा काम कठीण आसा. मटकी उड्या मारता."

चपलांचा खेळही होताच. आई-बाप मुलांना न्यायला आले की बाई दाराबाहेरच्या सगळ्या चपला काठीने एकत्र करायच्या आणि मुलांना आपापल्या घरच्या जोड्या शोधायला लावायच्या. सुरुवातीच्याच दिवसांत मुक्ताने मला जोडी आणून दिली, मी ती फोनवर बोलत बोलत पायात घातली आणि तसाच बँकेत गेलो. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात हेतलबेनच्या नवऱ्याची. संध्याकाळी तक्रार घेऊन गेलो तर बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "ती सात वर्षांची. तू किती वर्षांचो?"

बाईंची खरी पाटी म्हणजे गॅलरीसमोरची इमारत. "वरच्या मजल्यापासून सुरू कर. डावीकडून पहिल्या खिडकीत काय? दुसरीत? मजलो संपलो की खालच्या मजल्यावर उतरायचा. मजलो सोडायचो नाय." मुक्ता बघायची, मग खाली बसून कागदावर तशाच खिडक्या काढायची: इथे टॉवेल, इथे कुंडी, इथे कुलरचं भोक. पुस्तकातली ओळ चुकली की बाई म्हणायच्या, "मजलो सोडलंस!" आणि पोरगी खुदकन हसून परत वर जायची. ओळ चुकल्यावर ती हसते, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. समोरच्या सोसायटीने मात्र लेखी तक्रार केली की, आपल्या इमारतीतील ज्येष्ठ महिला लहान मुलांना आमच्या घरात डोकावण्याचं शिक्षण देत आहेत. बाईंनी ते पत्र पोरांकडून मोठ्याने वाचून घेतलं.

शाबासकी देण्यात बाई अतिशय कंजूष. पण एकदा मुक्ता त्यांच्यासमोर 'मी ढ आहे' म्हणाली, तेव्हा त्या हातातलं काम टाकून उठल्या. "ढ? काल माझ्या कुडीची फिरकी गादीखालून कोणी काढल्यान? मी की तू? परत ह्या बोललंस तर बघ." त्या दिवशी मुक्ता घरी आली ती उड्या मारतच. आईला म्हणाली, "बाईंना काही सापडत नाही गं. मलाच बघावं लागतं."

आणि मग दिवाळीच्या सुट्टीत बाईंची इमारत पुनर्विकासाला गेली. भाड्याने दुसरीकडे राहण्यापेक्षा त्यांनी भावाकडे मालवणला जायचं ठरवलं. माझं धाबं दणाणलं. मुक्ता आत्ता कुठे रुळत होती, वार्षिक परीक्षा पुढे होती. मी जवळजवळ हातच जोडले. "बाई, अजून चार महिने तरी थांबा. तुमच्याशिवाय कसं होणार तिचं?"

"मी चललंय म्हणान तिचे डोळे काय मालवणाक येतत?" बाई बरणीला फडकं बांधत म्हणाल्या. मग गाठ घट्ट करून, माझ्याकडे न बघता, "माका पण जावचा नाय रे," म्हणाल्या.

निघायच्या सकाळी सगळी गल्ली खाली उतरली होती. सामानावर विश्वास नाही म्हणून बाई टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारीच बसल्या, मांडीवर लोणच्याची बरणी. हेतलबेन पदराने डोळे पुसत होत्या. टेम्पो सुरू झाला. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. आम्ही सगळे हात हलवत होतो, एकटी मुक्ता सोडून. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली होती आणि लांब जाणाऱ्या टेम्पोच्या पाठीकडे डोळे बारीक करून बघत पुटपुटत होती. मी जवळ गेलो.

"आई भराडी कृपा," ती वाचत होती. "घरसामान व फर्निचर... काळजीपूर्वक पोहोचवू. मुंबई ते... सिंधुदुर्ग."

तीन ओळी. एकही सुटली नाही. 'भराडी'तला भसुद्धा भच होता. शाळेचा निकाल पुढे एप्रिलमध्ये लागला आणि ती तिसरीत गेली, पण आमचा निकाल त्या सकाळीच लागला होता. मला रडू आवरेना.

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा मुक्ता भानावर आली.

"बाबा, बाई गेल्या? मी टाटा केलाच नाही."