टोचरा आवाज

हिंगोली जिल्ह्यात रॅप करणाऱ्या प्रत्येक पोराला कुरुंद्याच्या रत्नपालचं नाव माहीत आहे. त्याच्या आधी इथं कुणी रॅप करत नव्हतं असं नाही. पण पोरं हिंदीत म्हणायची आणि गाण्यात स्वतःला मुंबईच्या गल्लीतलं समजायची. घरची भाषा माइकसमोर पहिल्यांदा आणली ती रत्नपालनं.

गाणं त्याच्याकडं वडिलांकडून आलं. जळबा हळदीच्या शेतात मजुरी करत आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीबरोबर गावोगाव भीमगीतं म्हणत. आवाज जाडा, थोडा बसका. पण शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द न् शब्द कळायचा. रत्नपाल त्यांच्या मागं बसून खंजिरी वाजवायचा. पुढं त्यानं हिंगोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि दुकानामागच्या खोलीत स्टुडिओ केला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना हळदीची रिकामी पोती ठोकली. तिथून बाहेर पडणाऱ्याच्या अंगाला हळदीचा वास यायचा.

त्याचं पहिलं गाजलेलं गाणं असं सुरू होतं :

नळ हाय दारात, पाणी काहून न्हाई?
रोड हाय कागदावर, गाडी काहून न्हाई?

त्या घरच्या ‘काहून’नं, म्हणजे ‘का’नं, काम केलं. औंढ्यापासून वसमतपर्यंत पोरं मोबाइलवर तेच वाजवू लागली आणि मग त्याच्याकडं येऊ लागली. शब्द त्यांचे; ताल, चाल, रेकॉर्डिंग, सगळं रत्नपालचं. त्यांत सेनगावचा मुन्ना होता. सेनगाव-हिंगोली जीप चालवायचा. पहिल्या दिवशी त्यानं हिंदीत लिहून आणलं होतं.

“घरी मायला जेवाया हिंदीत मागतो का?” रत्नपालनं विचारलं.

“भाऊ, मराठीत मागितलं तरी माय शिव्याच देते.”

“मंग त्या शिव्या लिहून आण. चांगल्या असतीन.”

मुन्नानं खरंच आणल्या. त्यातून झालेलं गाणं वरातींत अजून वाजतं.

रत्नपालची कामाची एक पद्धत होती. गाणं तयार झालं की तो ते पेन ड्राइव्हवर घेऊन डीजेवाल्याच्या पिकअपपाशी जायचा आणि स्पीकरच्या उंच बॉक्सच्या अगदी समोर उभा राहून ऐकायचा. “आपलं गाणं हेडफोनवाला ऐकत न्हाई,” तो म्हणायचा, “जिथं वाजणार, तिथंच तपासायचं.” कानात कापसाचा बोळासुद्धा नाही. वर्षानुवर्षं प्रत्येक गाणं, स्वतःचं आणि दुसऱ्याचंही, त्यानं असंच तपासलं. पोरंही त्याच्या शेजारी तशीच उभी राहायला शिकली.

वडील थकू लागले तेव्हा त्यानं त्यांना स्टुडिओत आणून त्यांचं एक गाणं रेकॉर्ड केलं. ते जळबांनी स्वतः जुळवलेलं होतं, कुठं छापलेलं नव्हतं, दुसऱ्या कुणाला येतही नव्हतं. मधल्या जागांत रत्नपालनं रॅप केला. बाप-लेकाचं ते एकच गाणं. पुढच्या जयंतीला सोडायचं ठरलं. त्याआधीच जळबा गेले.

आता वडिलांचा आवाज तेवढाच उरला होता. रत्नपाल रोज त्या गाण्यावर बसायचा. त्याला वाटे, आवाज दबलाय, वडील तोंडावर उपरणं धरून गातायत. मग तो ट्रेबल, म्हणजे आवाजातला बारीक, धारदार भाग, वाढवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दबल्यासारखं वाटे. पुन्हा वाढवायचा.

त्याची बायको करुणा दुकानात शिलाई मशीन घेऊन बसते. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. एकदा तिनं आत डोकावून विचारलं, “अहो, मामांचा आवाज असा पत्र्यावानी काहून येतो?”

“तुला मिक्सिंगमधलं काय कळतं?”

“मिक्सिंगमधलं न्हाई कळत. मामा कळतात.”

काही दिवसांनी मुन्ना आपलं नवं गाणं घेऊन आला. ते स्वतःच्या लॅपटॉपवर केलेलं पहिलंच गाणं होतं, त्यामुळं खुशीत होता.

“बघा भाऊ, तुमच्यावानी टोचरं झालं का न्हाई?”

“टोचरं म्हंजी?”

“आता घ्या. तुमचंच तर हाय. मागची दोन-तीन वर्षं तुमचं गाणं कानात टोचतं बघा, सुईवानी. सगळे पोरं तसंच करून राहिले. टोचरा आवाज म्हन्तेत त्याला.”

रत्नपालनं गाणं पुन्हा लावलं. त्याला कुठंच काही टोचलं नाही. त्यानं आवाज वाढवला. मुन्नानं कानांवर हात घेतले. रत्नपाल त्या हातांकडं बघत राहिला.

नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बॉक्सच्या दणक्यानं दोन्ही कानांना बारीक आवाज ऐकू येणं बंद झालं आहे. ते परत येत नाही. ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी अक्षरं आधी जातात. कानाला मशीन लावलं तर बोलणं बरं कळेल, संगीताचं सांगता येत नाही. रत्नपालनं विचारलं, मग मला इतके दिवस कळलं कसं नाही? डॉक्टर म्हणाले, “गाणी तुमचीच ना? जे पाठ असतं ते माणूस कानानं ऐकतच नाही.”

घरी येऊन त्यानं मुन्नाला बोलावलं आणि वडिलांच्या गाण्याची फाइल दिली.

“हे तू कर. माझ्याकडं बघू नको. तुझ्या कानाला बराबर वाटलं तसं कर.”

मुन्ना म्हणाला, “पण भाऊ, माझा कान तुमीच बनवला.”

त्यानं दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा करुणानं नाही म्हणून मान हलवली. मग तिनं शिलाई मशीन बंद केलं, आत येऊन मुन्नाशेजारी खुर्ची घेतली.

“ती धार खाली घ्या. अजून खाली.”

“वहिनी, एवढं घेतलं तर गाणं मरतं.”

“मरू द्या. मामा असे किंचाळत नव्हते. त्यायनी चहा मागितला तर शेजाऱ्याला कळायचं न्हाई, पन गायला लागले की गाव गप व्हायचं.”

रत्नपाल बाहेर दुकानात बसला. आत आपण काही कामाचे नाही हे त्याला कळत होतं. धाकटी मुलगी सपना शाळेतलं काहीतरी सांगत होती. तो तिच्या ओठांकडं बघत होता आणि प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणायला लावत होता. शेवटी ती कंटाळून आत गेली.

गाणं जयंतीच्या आधी झालं. मुन्नानं विचारलं, नाव कुणाचं टाकू? रत्नपालनं वडिलांचं, करुणाचं आणि मुन्नाचं टाकायला सांगितलं; रॅप आपला असूनही स्वतःचं नको म्हणाला. त्याच वेळी त्यानं एक व्हिडिओही टाकला. टोचरा आवाज ही स्टाइल नव्हती, कान गेल्यामुळं झालेली चूक होती, कुणी तसं करू नका, आणि बॉक्ससमोर उभं राहू नका, असं त्यानं साध्या शब्दांत सांगितलं. पोरांनी त्यावर हसण्याची चित्रं टाकली. भाऊ मोठा माणूस, म्हणून असं नमून बोलतो, असं कुणीतरी लिहिलं.

जळबांच्या गाण्याखालीही बरंच लिहून आलं. म्हाताऱ्या माणसांच्या नातवंडांनी लिहिलं, आजोबा रडले. पण सर्वांत जास्त पसंती मिळाली ती औंढ्याच्या एका पोराच्या ओळीला : ‘चांगलं हाय, पन हा रत्नपाल भाऊचा आवाज न्हाई. अजिबात टोचत न्हाई.’

रत्नपालनं ती ओळ वाचली आणि मशीनवर बसलेल्या करुणाच्या मागून फोन तिच्यापुढं धरला.

“बराबर लिहिलं त्यानं,” तो म्हणाला.

करुणा काहीतरी बोलली. तिची पाठ त्याच्याकडं होती, ओठ दिसले नाहीत.