तलावात रुतलेला जावई

दुष्काळाच्या त्या साली सासुरवाडीचा तलाव आटत आटत मधल्या डबक्यावर आला होता. गाव काष्टीपासून चालत तासाभरावर. पाणी कमी तितके मासे दाट, म्हणून रविवारी सगळं घर गळ घेऊन निघालं: सासरे, सासूबाई, माझी बायको, आमची तीन वर्षांची लेक आणि मी. मी नगरातला कारकून. पाण्याशी माझा संबंध नळापुरता.

सासऱ्यांनी सासूबाईंच्या आणि माझ्या बायकोच्या हातात गळाच्या काठ्या दिल्या, गांडुळांचा डबा मध्ये ठेवला. मला मात्र बाभळीखाली घोंगडी अंथरली. "जावईबापू, तुमी बसा. मासं धरनं पावन्याचं काम न्हाई."

जावयानं बसायचं आणि खायचं, ही तिथली रीत. पण बायको मासे काढत होती आणि दर माशाला माझ्याकडे बघून हसत होती. लेक म्हणाली, "बाबा, मला मोठा मासा." झालं! तिला खांद्यावर घेतलं, एक काठी उचलली आणि पलीकडच्या मोकळ्या बाजूला निघालो. काठाकाठानं वळसा घालायचा सोडून सरळ डबक्याच्या कडेकडेनं. तलावाचा तळ वाळून भेगाळला होता. भेगाळलेली जमीन म्हणजे घट्ट जमीन, एवढी अक्कल मला होती.

पंधरा-वीस पावलांवर ती जमीन पापडासारखी मोडली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. तो काढायला डावा रोवला, तोही गेला. वर पापुद्रा, खाली थंडगार गाळ, आणि तळ लागेना.

शहाणा माणूस इथं ओरडतो. पण सासुरवाडीत जावयानं बोंब मारायची म्हणजे शोभतं का? सासऱ्यांनी लांबून विचारलं, "काय झालं वो?"

"काही नाही, जागा बघतोय," मी म्हणालो. तेव्हा मी मांडीपर्यंत गेलो होतो. लेक माझे केस धरून खुशीत पाय आपटत होती आणि दर आपटीला मी थोडा खाली जात होतो. माझी छाती अशी धडधडत होती, की तिच्या टाचांना ते कळेल आणि ती रडायला लागेल, असं वाटत होतं.

बायकोनंच ओळखलं. "अगं आई, यांचं गुडघं कुठं गेलं?"

सगळे धावले आणि काठावर थबकले. सासरे ओरडले, "हलू नका! पोरीला खाली ठिवा."

"खाली? गाळात?"

"ती हलकी हाय, तिला पेलंल. तुमच्या खांद्यावर ऱ्हायली तर दोघंबी जाल."

मला ते पटलं, पण हातांना पटेना. कंबर गेली तरी मी तिचे घोटे सोडेना. "बाबा, दुखतंय," ती म्हणाली. काठावर बायको गुडघे टेकून, हात पसरून हसत होती. आवाज मात्र कापत होता. "ये बाळा, रांगत ये. माऊसारखी."

मी पोरीला पालथं टेकवलं आणि एकेक बोट सोडवलं. ती निघाली. तिच्या हाताखाली पापुद्रा करकरायचा. मध्येच तिचा पंजा आत गेला. ती थांबली, मागं वळली. "बाबा, तुम्ही पण रांगा."

"रांगतो. तू हो पुढं."

ती आईच्या हाताला लागली, आणि मग मी जी बोंब ठोकली, ती ऐकून पलीकडच्या वस्तीवरची माणसं बाज आणि दोर घेऊन धावत आली. बाज पालथी सरकवून त्यांनी मला मुळ्यासारखं उपटलं. चपला आणि जावईपण तिथंच राहिलं.

लेक मिठी मारायला धावली. "तिथंच थांब!" मी खेकसलो आणि हातापायांवर तिच्याकडे निघालो.

"जावईबापू, उठा की. इथं खडक हाय."

"असेल," म्हणालो आणि रांगत राहिलो.