पाहुण्यांचे चाचा

डॉक्टर एक वाक्य बोलले की चाचा हाताचा पंजा वर करायचे. "थांबा साहेब, आता मी बोलतो." मग समोरच्या अरब पेशंटशी चांगली पाच मिनिटं गप्पा. डॉक्टरांची चुळबुळ सुरू व्हायची.

"चाचा, उद्यापासून गोळी बंद, एवढंच म्हणालो मी. तुम्ही काय सांगितलंत?"

"तेच. पण आधी आईची तब्येत विचारली, मुलाबाळांची विचारली. एकदम गोळीवर कसं यायचं?"

पनवेलजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी तेव्हा परदेशी पेशंटच्या काउंटरवर होते. ओमान, येमेनहून माणसं हृदयाच्या, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आपल्याकडे यायला लागली होती. त्यांच्याशी बोलायला हॉस्पिटलने चाचांना ठेवलं. चाचा पनवेलचेच, कोकणी मुसलमान. साठी उलटलेली, केसांना मेंदी, शर्टाला कडक इस्त्री. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मस्कतमध्ये ड्रायव्हर म्हणून काढली होती.

त्यामुळे त्यांचं अरबीही गाडी चालवता चालवता शिकलेलं. पंक्चर, वळण, मालकाचा मूड, सगळं यायचं. हृदयाची झडप मात्र येत नव्हती.

"बेटा, झडप म्हणजे दरवाजाच ना?" त्यांनी मला विचारलं.

"तसंच काहीसं."

तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या कित्येकांना कळलं, की त्यांच्या दिलाचा दरवाजा नीट लागत नाही. गंमत म्हणजे सगळ्यांना ते लगेच समजायचं.

दुपारी चाचा पेशंटच्या नातेवाइकांना रिक्षात घालून पनवेलच्या बाजारात न्यायचे. सुरमई बघून ओमानी मंडळी हरखायची. हळूहळू बाजारालाही पाहुण्यांची सवय झाली. एका केमिस्टने चाचांकडून अरबीत पाटी लिहून घेतली. ती बघून ज्यूसवाल्याने, मग तेलमालिशवाल्याने. शेवटी शहाळीवाला हटून बसला. चाचा म्हणाले, "अरे, शहाळं तर दिसतंय ना!" तो म्हणाला, "दिसतंय ओ, पण इज्जत हाय का नाय आमाला?" मिळाली त्यालाही पाटी.

एकदा एक ओमानी म्हातारा मुलाबरोबर झडपेच्या ऑपरेशनला आला. सकाळी त्याला आत न्यायचं, तर हा हॉस्पिटलचे कपडे काढून, स्वतःचा पांढरा झगा घालून पलंगावर बसलेला. "मला घरी जायचंय." ऑपरेशन टाळलं तर जिवाला धोका होता. डॉक्टरांनी समजावलं, मुलगा रडला. म्हातारा हलेना. मग चाचा त्याच्या शेजारी जाऊन बसले. बराच वेळ दोघं हळू आवाजात बोलत होते.

"मरणाला भीत नाही म्हणतो," चाचांनी आम्हाला सांगितलं. "परक्या मुलखात मरायला भितो. इथे आपल्याला कोण कुठे माती देईल, म्हणतो." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मस्कतला ताप आला की मलाही हेच वाटायचं, बेटा."

ते पुन्हा म्हाताऱ्याकडे वळले. त्याचा हात हातात घेऊन काहीतरी बोलले. काही झालंच तर मी स्वतः तुम्हाला तुमच्या गावी पोचवीन, विमानात शेजारी बसेन, असं म्हणाले होते, हे आम्हाला नंतर कळलं. म्हाताऱ्याने शपथ घालून ते पुन्हा वदवून घेतलं. मग विचारलं, "आणि जगलो तर?"

चाचा गडबडले. "तरी येईन!"

म्हातारा निमूट आडवा झाला. ऑपरेशन संपेपर्यंत चाचा बाहेरच्या बाकड्यावरून उठले नाहीत. एरवी दर तासाला चहा लागणारा माणूस! डॉक्टर हसत बाहेर आले, तेव्हा चाचांनी तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि नाक शिंकरलं.

म्हातारा भराभर सुधारला. घरी जायची वेळ आली तेव्हा त्याने मुलाला हुकूम सोडला, चाचांचंही तिकीट काढ.

"अहो, मी धीर द्यायला म्हणालो होतो!" चाचा आमच्याकडे दाद मागायला लागले. आम्ही सगळे म्हाताऱ्याच्या बाजूने.

त्या संध्याकाळी चाचा त्याला आणि मुलाला घरी जेवायला घेऊन गेले, मीही होते. बातमी ऐकून चाची पोळ्या लाटता लाटता थांबल्या. "जन्म तिकडे काढलात. मी इथे तुमच्या फोनची वाट बघत म्हातारी झाले. आता पाहुणा म्हणून बोलावणं आलं, तर परत एकटेच निघालात?"

म्हाताऱ्याने विचारलं, काय म्हणतात? चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा भाषांतर टाळलं. पण चाचींचा चेहरा वाचायला अरबी कशाला हवं? म्हातारा खळखळून हसला आणि मुलाकडे बघून त्याने दोन बोटं वर केली.

दोघं गेली, महिनाभर राहिली. परत आल्यावर चाचांनी अख्ख्या वॉर्डाला खजूर वाटले.

चाचा आता नाहीत. परवा चाचींकडे गेले होते. भिंतीवर तिकडचा एक फोटो आहे. समुद्र नाही, उंटही नाही. एक जुनी, कळकट इमारत. चाचा हात उंच करून शेजारी उभ्या चाचींना वरच्या मजल्यावरची छोटी खिडकी दाखवतायत.

"ते तिथे राहायचे," चाची म्हणाल्या. "सगळे दर्या बघायला चला म्हणत होते. मी म्हटलं, आधी यांची खोली दाखवा."

फोटोत चाची खिडकीकडे बघतच नव्हत्या. चाचांकडे बघत होत्या.