गौर कशी आली?

परवा आमच्याकडे गौरी बसल्या. खरं सांगायचं तर त्यांच्या आधी मीच बसले... सदर बाजारातून ऑटोने दोन पिशव्या घेऊन आले आणि चपलाही न काढता पायरीवर टेकले.

झाशीत आमच्या पिढ्या गेल्या, पण गौरीचं सामान म्हटलं की अजूनही भाजीवाल्याला समजावत बसावं लागतं. "भैया, केले नहीं, केले के पत्ते!" ऑफिसात अर्धी रजा टाकून निघालेली मी, त्यात ऊन हे असं... जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

पण खरी काळजी सामानाची नव्हतीच. आमच्याकडे गौर एकटीने आणता येत नाही. एकीने मुखवट्यांचं ताट घेऊन उंबऱ्यातून आत यायचं आणि घरातल्या दुसरीने विचारायचं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" आणणारीने म्हणायचं, "सोन्याच्या पावलांनी आली." मग पुढच्या खोलीत पुन्हा तेच... असं सगळं घर तिला दाखवायचं. आता कुणी विचारलंच नाही, तर माहेरवाशिणीने आत यायचं तरी कसं?

इतकी वर्षं सासूबाई विचारायच्या. त्या गेल्यावर छावणीतल्या एक फौजी वहिनी आवर्जून यायच्या, साताऱ्याकडच्या. यंदा त्यांची बदली झाली. यांची रेल्वेची नोकरी, सणाला घरी असतील तर नशीब! राहिली कोण, तर माझी लेक तन्वी.

तन्वी देव मानत नाही. तिने मला आधीच सांगून टाकलं होतं, "आई, तू कर, मी सगळी मदत करते. पण मला वाटतच नाही ते मी कशी विचारू? झूठ होईल ना ते, तुझ्याच देवीसमोर."

भांडायला तोंड उघडलं होतं मी... पण पोरगी खोटं बोलायला नको म्हणते, यावर आईने भांडायचं काय, कप्पाळ!

माझं म्हणाल, तर मला वाटतं ती खरंच येते. ते दोन-तीन दिवस घरात कुणीतरी असतं. मी पोळ्या लाटत असते आणि मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं, बरं वाटतं. हे मला कुणाला पटवून देता येत नाही आणि आता तेवढी ताकदही उरलेली नाही. त्यात नणंदांचे फोन, "मुलीला वळण लावलं नाहीस"... कान किटले माझे.

शेवटी ठरवलं, आपणच विचारायचं, आपणच उत्तर द्यायचं. चालत नसेल तर गौरीने तसं सांगावं!

संध्याकाळी ताट उचललं. तन्वीने दारापासून कुंकवाची पावलं काढून ठेवली होती, अगदी सुबक, आणि मग ती भाकरीचं बघायला आत गेली होती. मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि म्हटलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

माझाच आवाज त्या रिकाम्या खोलीत असा काही घुमला की पुढचं सुचेचना. इतकं एकटं मला सासूबाई गेल्या तेव्हाही वाटलं नव्हतं हो...

तेवढ्यात तन्वी स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला पीठ तसंच. माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "गौर आली... कशी आली?"

असं कधी कुणी विचारलंच नव्हतं आमच्याकडे. आणि माझ्या तोंडून सोनं काही निघालं नाही. म्हटलं, "दमून आली गं."

बोलले आणि जीभ चावली. देवीचं ताट हातात, आणि हे काय बोलून बसले मी!

तन्वी हसली नाही. पाट पुढे सरकवत म्हणाली, "तो फिर बैठने दो उसको. पाणी आणते." पाणी आणलं तेही दोन भांडी... एक ताटापुढे ठेवलं, दुसरं माझ्या हातात दिलं. मी घटाघट प्यायले आणि डोळ्यांतून धार लागली.

मग आम्ही दोघींनी मिळून गौरीला घर दाखवलं. प्रत्येक खोलीत ती विचारायची, "आता कशी आहे?" कोठीच्या खोलीपर्यंत पोचलो तेव्हा म्हटलं, "आता बरी आहे."

जेवताना न राहवून विचारलंच तिला, "तू तर मानत नाहीस ना गं? मग?"

"अजूनही नाही मानत," ती म्हणाली. "पण मी झूठ कुठे विचारलं? मला खरंच विचारायचं होतं."

यंदा आमची गौर सोन्याच्या पावलांनी आली नाही. नणंदांना कळलं तर पुन्हा फोन येतील, येऊ देत... कशी आहेस म्हणून घरात कुणीतरी मनापासून विचारलं, मी भरून पावले.