कट्ट्यावरचं दूध आणि माझी आतडी

आमच्या मंगळवार पेठेत माझ्या आतड्यांची चौकशी भर रस्त्यात उभं राहून होते. याचं सगळं श्रेय माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस, हळू बोलणं त्यांना येतच नाही. मोठ्या आतड्याला सूज आलीय, रक्त पडतं, हे मी नवऱ्यालाही कुजबुजत सांगितलं होतं. मामांनी ते भाजीवालीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायचं काम करते. कंपनीची बस पेठेच्या कोपऱ्यावर येते. दुखणं जोरात असताना एकदा मला ती हायवेवर थांबवावी लागली. पेट्रोल पंपावर बायकांच्या संडासाला कुलूप, किल्ली शोधायला ड्रायव्हर धावतोय आणि खिडक्यांतून सगळी बस बघतेय. त्यानंतर मी बसमध्ये चढलेच नाही. रजा संपत आली होती, काम माझ्या आवडीचं होतं, पण कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला की मी खिडकी लावून घ्यायचे.

डॉक्टरांनी छान समजावलं. आपल्या पोटात असंख्य जिवाणू सुखाने नांदत असतात आणि शरीराची राखण करणारी फौज त्यांना ओळखून असते. माझ्या फौजेची ती ओळख बिघडली होती आणि ती घरच्यांवरच तुटून पडत होती. तिला शांत करायला त्यांनी गोळ्या दिल्या आणि जोडीला चांगल्या जिवाणूंची पुडी. पुडीचा काहींना उपयोग होतो, काहींना नाही, गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत, असं बजावलं.

घरी मामांनी विचारलं, "त्या पुडीत जित्तं जिवाणू हायत म्हणं?"

"हो मामा. जिवंतच असावे लागतात."

"आणि दूध तापवलं की जिवाणू मरत्यात, व्हय न्हवं?"

मी हो म्हणाले आणि तिथेच फसले.

संध्याकाळी मामा आले ते फेसाळतं दूध घेऊनच. आमच्याकडे दुधाचे कट्टे असतात. चौकात म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि ते कोमट दूध तिथंच उभ्याने प्यायचं. तापवलं की दुधातला जीवच जातो, हे मामांचं जन्माचं मत. आता तर त्याला शास्त्राचा आधार मिळाला होता.

"पुडीत काय घालत्यात कुणाला ठावं. ह्ये म्हशीच्या सडातनं थेट आलंय. पी."

ते इतके खुशीत होते की नाही म्हणणं जड गेलं. मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारते आणि मग पिते."

"विचारूया की. मीच येतो."

डॉक्टरांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, कच्च्या दुधात चांगल्यांबरोबर वाईट जिवाणूही येतात. एरवी शरीराची फौज त्यांना अडवते. हिच्या फौजेला मात्र आम्हीच औषधानं झोपवलंय. अशात चोर शिरला तर अडवणार कोण?"

मामा गप्प. रिक्षात बसलो तरी गप्प. पेठेतल्याच रिक्षावाल्याने "काय झालं?" म्हणून मागे वळून पाहिलं, एवढी ती शांतता नवलाची होती. घराजवळ आल्यावर म्हणाले, "म्हंजी मी तुला मारायलाच निघालतो की."

मला हसू आलं आणि भरूनही आलं. "मामा, आधी विचारलं ना आपण? मी प्यायले कुठं?"

त्या दिवसापासून दूध तापवणं मामांकडे गेलं. कुस्तीच्या पंचासारखे ते गॅससमोर उभे राहायचे. सोसलं तर दही खायला हरकत नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. मामांनी तेवढ्यावर विरजणाचा कारखाना काढला. पातेलं स्वतःच्या जुन्या पटक्यात गुंडाळून ठेवायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. कट्ट्यावर जाणं मात्र त्यांनी बंद केलं. मित्र बोलवायला आले तर म्हणायचे, "सूनबाईला चालत न्हाय, मग मला कशाला?" मी खूप भांडले, पण ऐकतील तर मामा कसले.

हळूहळू सूज उतरली. गोळ्यांनी, पुडीने की दह्याने? डॉक्टर गोळ्यांकडे बोट दाखवतात. मामांसमोर मी हा विषय काढत नाही.

कामावर निघाले त्या सकाळी मामा कोपऱ्यापर्यंत आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हिला वाटंत जायला लागलं तर गाडी थांबवायची. रोगच हाय तसला, लाजायचं काय त्यात?" जमीन दुभंगली असती तर बरं, असं मला झालं. पण दाराजवळ बसलेल्या बाईने न बोलता मला जागा करून दिली. तो पेट्रोल पंप आला तेव्हा मी पर्स घट्ट धरून बसले होते. पंप मागे गेला.

संध्याकाळी बस पेठेत शिरली तर मामा कोपऱ्यावर हजर. दार उघडताच रस्त्यापलीकडून विचारलं, "थांबवाय लागली का गं गाडी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायरीवरूनच ओरडून सांगितलं, "न्हाय मामा, एकदा पण न्हाय."

"मग चल," म्हणत त्यांनी मला थेट कट्ट्यावर नेलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी धारेच्या दुधाचा मोठा ग्लास घेतला. पण ओठाला लावण्याआधी पिशवीतून एक छोटी किटली काढून माझ्या हातात दिली. त्यांच्या दह्याचं ताक होतं, जिरेपूड घातलेलं.

"तू तुझं पी, मी माझं पितो," मामा म्हणाले.