जोडीची हजेरी

दौलत मढवी अग्निशमन केंद्रात भरती झाला त्या वर्षी भिवंडीत धावू शकेल असा एकच बंब होता, आणि चौघांनी ढकलल्याशिवाय तो सुरू होत नसे. आग बहुधा यंत्रमागाच्या शेडला लागलेली असे. गल्ली अरुंद, त्यामुळे बंब तोंडाशीच थांबायचा. पाण्याच्या होजच्या गुंडाळ्या खांद्यावर टाकून माणसे आत पळायची, आणि ती पोहोचेपर्यंत छताला चिकटलेल्या कापसाच्या तुसावरून आग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन आलेली असायची. तोंडाला बांधलेला ओला पंचा हेच संरक्षण. टाकीतले पाणी संपले की जवळची विहीर, तीही नसेल तर वऱ्हाळ तलाव. पुढे नव्या जवानांना त्या दिवसांविषयी सांगताना दौलतने कधी शौर्याचे शब्द वापरले नाहीत. “सामान न्हवतं, म्हणून माणसं लागायची,” एवढेच तो म्हणे.

त्या माणसांना बांधून ठेवणारी एक रीत होती. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर तेव्हाच्या केंद्रप्रमुखांनी, ज्यांना सगळे नुसते ‘भाऊ’ म्हणत, जवानांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत एक हिंदू आणि एक मुसलमान. त्यामागे कोणतेही उदात्त तत्त्व नव्हते. कोणत्याही मोहल्ल्याच्या किंवा आळीच्या तोंडाशी बंब अडवला जाऊ नये, एवढीच व्यावहारिक गरज होती. कामतघरचा आगरी दौलत आणि कोकणी मुसलमान घरातला नूर मोहम्मद फक्की यांची जोडी अशी कागदावर जुळली. पहिले वर्षभर दोघे एकमेकांशी कामापुरतेच बोलत.

भाऊंची दुसरी आज्ञा हजेरीविषयी होती. माघारीची शिटी वाजली की सर्वांनी बंबापाशी जमायचे आणि भाऊंनी नावे पुकारायची. ज्याचे नाव पुकारले जाई त्याने गप्प राहायचे. त्याच्या जोडीदाराने त्याच्याकडे वळून पाहायचे, खांद्याला हात लावायचा आणि मगच म्हणायचे, “हाय.” धुराने डोके फिरलेला माणूस स्वतःविषयी काहीही सांगेल, असे भाऊंचे म्हणणे होते. एकदा एका जवानाने ‘हाय’ म्हटले होते आणि पुढच्याच क्षणी तो भ्रमात पुन्हा आगीकडे चालू लागला होता. तेव्हापासून या केंद्रात स्वतःच्या असण्याची साक्ष स्वतः देण्याची मुभा कोणालाच उरली नाही. ती दुसऱ्याकडूनच मिळवावी लागे.

वीस वर्षांत ही रीत झिजली. आधी खांद्यावरचा हात गेला, मग वळून पाहणे गेले. रोज सकाळच्या परेडलाही जोडीनेच हजेरी देण्याचा प्रघात पडला आणि त्याच्या बरोबरीने एक मैत्रीपूर्ण खोटेपणाही आला. नूर मोहम्मद चहाच्या टपरीवर असला तरी दौलत ‘हाय’ म्हणून मोकळा होई. दौलत एकदा सुट्टी न टाकता वज्रेश्वरीच्या जत्रेला गेला, तेव्हा इकडे नूर मोहम्मदने शांतपणे त्याची हजेरी दिली. संध्याकाळी कोणीतरी छेडले, तर त्याचे उत्तर तयार होते. “मी कुठं म्हटलं इथं हाय? वज्रेश्वरीला हाय. पण हाय ना?” केंद्रात या उत्तरावर कित्येक वर्षे हसू होत राहिले. एका साक्षीचे सौजन्यात रूपांतर झाले आहे, हे त्या हसण्यात कोणाच्याही ध्यानात आले नाही.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात, दुपारी दोनच्या सुमारास, मानकोलीजवळच्या एका गोदामाला आग लागली. प्लास्टिकच्या वस्तूंची खोकी पत्र्याच्या छतापर्यंत रचलेली होती. एव्हाना केंद्रात पाठीवर घ्यायची हवेची नळकांडी आली होती. ती बांधून दौलत आणि नूर मोहम्मद होज घेऊन आत शिरले. पुढे ब्रांच, म्हणजे होजचे पितळी तोंड, धरून नूर मोहम्मद आणि मागे होजचा भार पेलत दौलत, ही त्यांची बावीस वर्षांची जागा होती. अर्ध्या तासाने छत पेलणारी लोखंडी कैची वाकू लागली आणि शिटी वाजली. होज चाचपडत, तिच्याच आधाराने दौलत बाहेर आला. मुखवटा काढून खोकत तो बंबाच्या पायरीवर बसला. आपल्या मागे खोक्यांची थप्पी कोसळली आहे आणि नूर मोहम्मद तिच्या पलीकडे राहिला आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.

नावे पुकारली गेली. “नूर मोहम्मद.”

“हाय,” दौलत म्हणाला. त्याची मान खालीच होती.

हजेरी पूर्ण झाली. आत कोणी नाही असे धरून सगळे पाणी शेजारच्या गोदामाकडे वळवण्यात आले. आठ-दहा मिनिटांनी दोन हमाल धावत आले आणि मागच्या पत्र्यावर कोणीतरी आतून ठोकत असल्याचे सांगू लागले. पत्रा कापला तेव्हा हातात ब्रांच घट्ट धरलेला नूर मोहम्मद सापडला. नळकांड्यातली हवा केव्हाच संपली होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता, आणि फुप्फुसांत जो धूर गेला त्याने पुढे त्याला जिना चढू दिला नाही.

हजेरी पूर्ण असताना माणूस आत कसा, हा चौकशीचा प्रश्न होता. दौलतचा जबाब व्हायच्या आधीच, इस्पितळातल्या खाटेवरून, नूर मोहम्मदने उत्तर देऊन टाकले होते. आपण बाहेर आलो होतो, ब्रांच आत राहिली म्हणून हजेरीनंतर कोणाला न सांगता परत गेलो, असे त्याने लिहून दिले. दौलतला ते वाचून दाखवले गेले आणि ‘यापेक्षा वेगळे काही सांगायचे आहे का’ असे विचारले गेले. त्याने नाही म्हटले. अहवालात शेरा पडला: ‘आज्ञेविना पुनःप्रवेश’. नूर मोहम्मद वैद्यकीय कारणाने घरी बसला.

एवढ्यावर भागले असते तर कदाचित दौलतने ते आयुष्यभर पोटात ठेवले असते. पण पुढच्या वर्षी बदलून आलेले केंद्रप्रमुख रामनाथ शिस्तीचे आणि वाचनाचे होते. त्यांनी जुने अहवाल काढले आणि नव्या जवानांच्या प्रशिक्षणात हा शेरा उदाहरण म्हणून शिकवू लागले. सामान वाचवायला जीव धोक्यात घालणे म्हणजे धैर्य नव्हे, हे त्यांचे म्हणणे योग्यच होते. मात्र ज्या माणसावर त्यांनी ते बेतले होते, त्याने तसे केलेच नव्हते. हळूहळू केंद्रात एक वाक्प्रयोग रुळला. सरावाच्या वेळी कोणी आगाऊपणे पुढे सरकला की मागून आवाज येई, “ए, नूर होऊ नको.” जे तसे म्हणत त्यांनी नूर मोहम्मदला पाहिलेही नव्हते. दौलत ते दिवसातून दोन-तीनदा ऐके आणि होज गुंडाळत राही.

दोन हजार नऊच्या एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह आला. मे अखेरीस दौलत निवृत्त व्हायचा होता. रामनाथांनी त्याला बोलावून घेतले. “मढवी, शेवटच्या दिवशी तुम्ही बोला. जुन्या आगी, जुनी माणसं, तुमच्या वेळचा भाईचारा. पोरांना त्याची गरज आहे.”

दौलतने होकार दिला आणि घरी येऊन पत्नीला, गोदूबाईला, सगळे सांगितले. अडीच वर्षांत तिने हे प्रथमच ऐकले. तिने निवडायच्या तांदळाचे ताट बाजूला सारले. मग म्हणाली, “मला सांगून काय व्हनार? ज्याचं नाव घेतात त्याला जाऊन सांगा.”

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून तो नूर मोहम्मदकडे गेला. तळमजल्याच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून नूर मोहम्मद बसला होता. प्रत्येक वाक्यानंतर त्याला थांबून श्वास घ्यावा लागे.

“या, लीडिंग फायरमन साहेब. रिटायर होताय म्हणं. आता तरी दाढी नीट करा.”

“नूर, मी बोलणार हाय. सप्ताहात. सगळ्यांसमोर.”

“काय बोलणार?”

“की मी बघितलं न्हाय.”

नूर मोहम्मदने बाहेर पाहिले. “रिटायर व्हायला दीड महिना राहिला. तुझी फाइल उघडतील, पेन्शनचे कागद अडकवतील. आणि मला खोटारडा ठरवशील ते वेगळंच. मी सही केलीय त्याच्यावर.”

“ते तुझं नाव शिवीसारखं वापरतात.”

“वापरू दे. मी कुठं तिथं ऐकायला हाय?”

“मी ऐकतो,” दौलत म्हणाला.

“मग हे तू तुझ्यासाठी करतोयस. तुला रात्रीची झोप पाहिजे. माझं नाव कशाला मधे घेतोस?” नूर मोहम्मद खोकला. खोकला थांबल्यावर त्याचा आवाज खाली आला. “आणि तू एकटाच काय बघत न्हवतास? मी तुला बघून ‘हाय’ म्हटलेलं शेवटचं कधी ते आठवतं तुला? मला न्हाय आठवत. त्या दिवशी तू आत राहिला असतास, तरी मीबी म्हटलंच असतं.”

चहा घेऊन आलेली नूर मोहम्मदची बायको रुकय्या दारातच थांबली होती. “दौलतभाई, हे दोन वर्षं सांगतात की मी परत आत गेलो. ब्रांच आणायला. मी मानलं. माझ्या भावाच्या मुलीच्या निकाहात लोक हसले, तरी मानलं. आज पहिल्यांदा ऐकतेय की गेलेच नव्हते.” तिने कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे न पाहता आत निघून गेली.

परतताना दौलतच्या डोक्यात नूर मोहम्मदचा आरोप घोळत होता, आणि तो खोटा नव्हता. आपण केवळ मोकळे व्हायला निघालो होतो. स्वतःला दोषी म्हणून उभे केले, तर लोक क्षणभर हळहळतील, कदाचित मोठेपणाही देतील, आणि दुसऱ्या दिवशी परेडला पुन्हा न पाहता ‘हाय’ म्हणतील. जे सांगायला हवे होते ते याहून अवघड होते. ज्याला सगळे भाईचारा म्हणून गौरवतात, त्यानेच नूर मोहम्मदला आत ठेवले होते. शत्रुत्व असते तर दौलतने वळून पाहिले असते. खात्री होती, म्हणून पाहिले नाही.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, सकाळी, आवारात वीस-पंचवीस जवानांसमोर तो उभा राहिला. आधी त्याने बंब ढकलण्याविषयी सांगितले, वज्रेश्वरीचा किस्साही सांगितला. सगळे हसले. हसू ओसरण्याची त्याने वाट पाहिली.

“आता ज्याला हसलात ना, त्याच्यापायी एक माणूस आठ-दहा मिनिटं जळत्या गोदामात राहिला. तुम्ही त्याचं नाव रोज घेता. तो परत आत गेला न्हाय. मी त्याला न बघता ‘हाय’ म्हटलं. तो मला आवडत न्हवता म्हणून न्हाय, आवडायचा म्हणून. भाऊंनी आम्हाला बघायला शिकवलं होतं. आम्ही त्या बघण्याची दोस्ती करून टाकली.”

टाळ्या वाजल्या नाहीत. रामनाथांनी त्याला खोलीत नेले आणि दार लावले.

“हे खरं आहे?”

“हो साहेब.”

“मग मी दोन वर्षं चुकीचं शिकवत होतो.” त्यांनी टेबलावरचा कोरा कागद पुढे सरकवला. “लेखी द्या. पण एक सांगतो, तुमच्या एकट्याच्या जबाबाने शेरा पुसला जाणार नाही. त्यांनी स्वतः लिहून दिलंय. ते स्वतः येऊन बदलत नाहीत तोवर दोन कागद एकमेकांविरुद्ध पडून राहतील.”

दौलतने लिहून दिले. त्याची निवृत्ती ठरल्या तारखेला झाली, पण पेन्शनचे कागद अडकले ते अडकलेच, आणि निरोपाचा कार्यक्रम कोणी ठेवला नाही. सकाळच्या परेडला रामनाथांनी स्वतः रांगेसमोर उभे राहून प्रत्येकाला जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवायला लावायला सुरुवात केली. जवानांना ते बालिश वाटे. नूर मोहम्मदकडून मात्र काही निरोप नव्हता. दौलत दोनदा गेला, दोन्ही वेळा रुकय्याने ते झोपल्याचे सांगितले. आतून खोकल्याचा आवाज येत होता.

जुलैत एका सकाळी रामनाथांचा फोन आला. दौलत केंद्रात पोहोचला तेव्हा नूर मोहम्मद त्यांच्यासमोर खुर्चीत बसलेला होता, शेजारी रुकय्या उभी होती. रिक्षापासून खोलीपर्यंतच्या वीस पावलांनी त्याला दमवले होते. त्याने दौलतकडे पाहिले, पण बोलला तो रामनाथांशी.

“हिनं सांगितलं, खोटं बोलून मी ज्याला वाचवलं, त्या माणसासाठी ती चहा करणार न्हाय. लिहा साहेब. हात चालत न्हाय माझा.”

रामनाथांनी कागद ओढला. नूर मोहम्मदने श्वास घेतला आणि एकच वाक्य सांगितले. “मी परत आत गेलो नाही, मी बाहेर आलोच नव्हतो.”

“आणखी काही? मढवींविषयी?”

“त्यानं त्याचं लिहिलंय. मी माझं सांगितलं.”

रामनाथांनी वाक्य लिहून वाचून दाखवले. “मी परत आत गेलो नाही, मी बाहेर आलो नव्हतो.”

“‘च’ राहिला, साहेब,” नूर मोहम्मद म्हणाला. “आलोच नव्हतो.”

रामनाथांनी ओळीच्या वर खूण करून ‘च’ घातला. त्या दुरुस्तीपाशी वेगळी सही लागते, असे ते म्हणाले. नूर मोहम्मदने पेन डाव्या हातात धरले, आणि कागद सरकू नये म्हणून दौलतने तो दोन्ही बाजूंनी दाबून धरला.