चौथ्या अंथरुणाची जागा

वडील गेले त्या दिवशी कंपनीतल्या त्यांच्या खात्यातला एक कामगार आमच्या दारात बसला आणि बोलू लागला.

तोवर मला एवढंच ठाऊक होतं की बाबांना रात्रपाळी आवडते.

मी पुण्याला विद्यापीठात शिकवू लागलो तेव्हा आम्ही पिंपरीत एका खोलीत राहत होतो: आई, बाबा, धाकटी बहीण आणि मी. माझी नेमणूक तात्पुरती होती. प्रबंध पुरा झाला तर कायम होणार, कायम झालो तर विद्यापीठाचं घर मिळणार. आणि प्रबंध लिहायला आधी जागा हवी. पुण्यात भाड्याने खोली शोधली. "प्राध्यापक का? या, बसा," म्हणत घरमालक आत चहा सांगत. मग आडनाव विचारत. मग खोली नेमकी कालच गेलेली असे. चहाही येत नसे.

हे घरी सांगितलं. पुढच्या रविवारी बाबांनी कंपनीतून मोडक्या खोक्यांच्या फळ्या विकत आणल्या आणि टेबल ठोकलं. ते मांडल्यावर खोलीत तीनच अंथरुणं मावू लागली.

"मला रात्रपाळीच बरी," बाबा म्हणाले. "दिवसा झोप छान लागते."

पत्र्याखाली, नळावरच्या भांडणात, शेजारच्या रेडिओत. मी शिकलेला माणूस, आणि माझा त्यावर विश्वास बसला.

सकाळी ते कामावरून येत तेव्हा मी लिहीत असलो, तर पायरीवरच बसून राहत.

"आत या की, बाबा."

"पान होऊ दे."

"झालं."

"मग पुढचं घे. मी कुठं पळून चाललोय?"

अशी सात वर्षं गेली. प्रबंध झाला, नोकरी कायम झाली. घरासाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी बाबा गेले.

दारात बसलेला तो कामगार म्हणाला, "पाळी दर आठवड्याला बदलती, मास्तर. तुमचा बाप आमच्या नाइट मागून घ्यायचा. आमी चिडवायचो, घुबडा, बायकोनं हाकललं का रं? तर म्हणायचा, हसा लेको. पोराचं टेबल हाय माझ्या अंथरुणावर."

हा बेत सगळ्या खात्याला ठाऊक होता. आईलाही. मला सोडून.

पुढे विद्यापीठाचं घर मिळालं. पहिल्या दिवशी मी रिकाम्या खोल्यांतून हिंडलो आणि कितीजण झोपू शकतील ते मोजत राहिलो. एका माणसाने आपली झोप रात्रीतून उचलून दिवसात नेऊन ठेवली आणि सात वर्षं ती तिथेच राहू दिली, याचा विचार करताना मला आजही लिहिणं थांबवावं लागतं.

ते टेबल माझ्याकडे आहे. एका फळीवर खोकं कुठल्या बाजूने उभं ठेवायचं ते दाखवणारा काळा बाण अजून दिसतो. टेबल एका अंथरुणाएवढी जागा घेतं.